लंडनच्या पर्यटन पासबाबत तक्रार आणि परताव्याची मागणी

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
पुणे विक्री कार्यालय

विषय: लंडनसाठी घेतलेल्या तीन दिवसांच्या पर्यटन पासचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

आम्ही आपल्या कार्यालयातून लंडनचे तीन दिवसांचे पास घेतले, म्हणजे एकदाच पैसे भरून अनेक ठिकाणी प्रवेश. आम्ही दोघे आणि नऊ वर्षांचा मुलगा. माझ्या नणंदेने गेल्या वर्षी हाच पास आपल्याकडूनच घेतला होता. तिची आणि माझी पावती शेजारी ठेवली तर किंमत जवळजवळ पाचव्या हिश्श्याने वाढलेली दिसते. कारण विचारल्यावर "तिकडची तिकिटेच महागली आहेत" असे उत्तर मिळाले. ते खोटे नाही. टॉवर ऑफ लंडनला मोठ्या माणसामागे ३५ पौंडांच्या आसपास पडतात, वेस्टमिन्स्टर ॲबेला ३० च्या. एवढे पैसे वाचतील म्हणूनच पास घेतला. प्रत्यक्षात काय पदरात पडले ते सांगते.

शुक्रवारी दुपारी उशिरा वेस्टमिन्स्टरच्या धक्क्यावर ग्रिनिचच्या बोटीसाठी पास स्कॅन केला. आपला पास तास मोजत नाही, तारखा मोजतो, हे मला तिथे कळले. ग्रिनिचला उतरेपर्यंत बहुतेक ठिकाणे बंद व्हायची वेळ झाली होती. एका बोटीच्या फेरीत पासचा एक दिवस संपला. ही अट माहितीपत्रकात आहे, पण शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. पहिल्या पानावर मात्र ठळक 'तीन दिवस' आहेत.

रविवारी तर कहरच झाला. वेस्टमिन्स्टर ॲबे आणि सेंट पॉल्स कॅथीड्रल ही आजही चालती चर्च आहेत. रविवारी तिथे प्रार्थना असतात, पर्यटकांना फिरून पाहता येत नाही. दारावरच्या गृहस्थांनी अगदी प्रेमाने सांगितले, "प्रार्थनेला बसायचे असेल तर या, त्याला पैसे पडत नाहीत." शुक्रवार ते रविवार हा बेत आपल्या प्रतिनिधींनीच, आमची विमानाची तिकिटे समोर ठेवून आखला होता. ज्या दोन ठिकाणांच्या जोरावर पास विकला, ती तिसऱ्या दिवशी पाहता येणार नाहीत, एवढे त्यांना माहीत असायला नको?

राहता राहिला शनिवार. आपल्या नमुना बेतात एकाच दिवसात टॉवर, क्यू गार्डन्स हे वनस्पती उद्यान आणि शार्ड ही उंच इमारत आहे. टॉवर शहराच्या पूर्वेला, क्यू पार पश्चिमेला. भुयारी रेल्वेने जायलाच तासभर लागतो. कोहिनूर पाहायला रांग असते ती वेगळीच. त्याबद्दल आपल्याला बोल लावत नाही. पण हा बेत ज्याने लिहिला तो लंडनला कधी गेला असेल असे वाटत नाही.

आता माहितीपत्रकातला 'बचती'चा तक्ता. त्यात ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम 'प्रवेश समाविष्ट' म्हणून मोजले आहेत. या संग्रहालयांच्या कायमस्वरूपी दालनांना कोणालाच तिकीट नाही. तिथल्या ज्या राष्ट्रीय संग्रहालयांना तिकीट होते, तेही डिसेंबर २००१ मध्ये रद्द झाले. (व्हिक्टोरिया अँड अल्बर्टची जाहिरात करताना आपण वाघनखांचे चित्र छापले आहे. ती जुलै २०२४ मध्येच प्रदर्शनासाठी साताऱ्यात आली. तेवढे तरी पुण्यातल्या कार्यालयाने पाहायचे!) किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले, ते आम्ही पासशिवायच पाहिले आणि तिथेच सगळ्यात जास्त रमलो.

सर्वांत संताप आला तो मुलाच्या प्रवास कार्डाचा. अकरा वर्षांखालील मूल लंडनच्या भुयारी रेल्वेत मोठ्यांबरोबर फुकट जाते. मुलाचे वय आपल्या अर्जात मी स्वतः भरले होते, तरीही त्याच्या नावाने कार्डाचे पैसे घेतले.

कोणी सकाळी लवकर पास सुरू केला, आठवड्याच्या मधल्या वारी गेले आणि धावपळ करायची तयारी असली, तर पास परवडेलही. लहान मूल बरोबर असलेल्या कुटुंबाला या किमतीत तो परवडत नाही, आणि आपण तो विकता मात्र 'कुटुंबासाठी उत्तम' म्हणून.

मुलाच्या प्रवास कार्डाची पूर्ण रक्कम आणि तिन्ही पासच्या रविवारच्या दिवसाचे पैसे मला परत हवेत. तक्त्यातून मोफत ठिकाणे काढावीत आणि दिवस तारखेने मोजले जातात हे किमतीशेजारीच छापावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करीन. दोन्ही पावत्या, माहितीपत्रक आणि स्कॅनच्या वेळेची नोंद सोबत जोडली आहे.

आपली,
एक ग्राहक, पुणे