अवेस्ता हा फक्त पारशांचा विषय नाही : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्रीमहोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

साहेब, मी संस्कृतचा प्राध्यापक आहे. ज्या विषयासाठी कधी कोणी मोर्चा काढणार नाही त्याबद्दल आज लिहितोय, म्हणून थोडा वेळ काढून वाचा ही विनंती. विषय आहे अवेस्ता, म्हणजे पारशांचे धर्मग्रंथ आणि त्यांची भाषा, आणि तिच्या जोडीने जुनी फारसी आणि पहलवी (फारसीचं मधल्या काळातलं रूप).

आधी एक ओळ वाचून बघा. अवेस्तातल्या मिहिर यश्त या स्तोत्रातली आहे, मिथ्र देवतेची स्तुती: "तॅम अमवन्तॅम यजतॅम, सूरॅम दामोहु सॅविश्तॅम, मिथ्रॅम यजाइ जओथ्राब्यो". आता हीच ओळ शब्दाला शब्द लावून संस्कृतात: "तम् अमवन्तं यजतं शूरं धामसु शविष्ठं मित्रं यजै होत्राभ्यः". वर्गात ही दोन वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहिली की पोरं खुर्चीत सरसावून बसतात. यज्ञ तिकडे यस्न, सोम तिकडे हओम, यज्ञातला पुरोहित 'होता' तिकडे जओतर. आणि मग उलटा धक्का, आपले देव तिकडे दएव म्हणजे दुष्ट, आणि असुर तिकडे अहुर म्हणजे साक्षात परमेश्वर! हे असं का झालं असेल यावर विद्वानांत अजून एकमत नाही, पण प्रश्न समजून घ्यायला दोन्ही बाजूंचे मूळ ग्रंथ वाचता यायला पाहिजेत ना. ते वाचणारे तयार होत नाहीत म्हणून व्हॉट्सॅपवर कोणीही उठतो आणि देवासुरांच्या लढाईचा नकाशाच काढून देतो.

आणि हे काम परदेशातलं आहे असं कृपा करून समजू नका. मार्टिन हाउग हा जर्मन पंडित १८५९ मध्ये पुण्याच्या कॉलेजात संस्कृत शिकवायला आला, इथे बसून त्याने ऐतरेय ब्राह्मण छापलं आणि पारशी ग्रंथांवरचे निबंधही, ते मुंबईत १८६२ ला निघाले. अख्ख्या अवेस्तात गाथा नावाच्या सूक्तांची भाषा सगळ्यात जुनी आणि पारशी धर्माचा संस्थापक जरथुश्त्र याचे खुद्द शब्द तेवढेच, ही गोष्ट त्याने त्यात ठासून मांडली. त्याच सुमाराला, १८६१ मध्ये, युरोपात शिकून आलेल्या खरशेदजी कामांनी मुंबईत तरुण मोबेदांसाठी (पारशी पुरोहितांसाठी) अवेस्ताचे वर्ग सुरू केले होते. पुढे गेल्डनर या जर्मन पंडिताने अवेस्ताची आवृत्ती काढली (१८८६ ते १८९६), तिच्यासाठी मुंबईच्या मुल्ला फिरोज लायब्ररीतल्या पोथ्याही वापरल्या, आणि त्याच माणसाने ऋग्वेदाचा जर्मन अनुवाद केला. एकाच माणसाने दोन्ही! कारण तिकडे वेद आणि अवेस्ता जोडीनेच शिकवायची पद्धत होती, आजही बऱ्याच ठिकाणी आहे.

बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत गेलात तर तिथे भिंतीवर पहलवीत कोरलेले लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ चे, लेणी बघायला आलेल्या पारशांनी स्वतःची नावं कोरून ठेवलीत. लोकल पकडून जाता येईल इतकं जवळ, आणि मुंबईत ते वाचू शकणारी माणसं किती उरलीत याचा विचार केला की मला खरंच पोटात गोळा येतो.

आपल्याकडे झालंय असं की वेद संस्कृत विभागात राहिले आणि अवेस्ता पारशी समाजाच्या जबाबदारीवर सोडली गेली. २०११ च्या जनगणनेत देशात पारशी ५७,२६४ होते. एवढ्याशा समाजाने अग्यारी सांभाळायची, धर्मशिक्षण सांभाळायचं, मुंबईतली कामा इन्स्टिट्यूट ही अभ्याससंस्था १९१६ पासून चालवायची, पोथ्या जपायच्या आणि वर एक अख्खी ज्ञानशाखा पण पेलायची? ज्या मुलाला ऋग्वेदाचं व्याकरण येतं त्याचं अवेस्ताचं अर्धं काम आधीच झालेलं असतं, आणि अशी मुलं पुण्यात, नागपुरात, रामटेकला आहेत. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की हे दारही आपल्यासाठी आहे. मी स्वतः एमए करताना विचारलं होतं तेव्हा ऑफिसात उत्तर मिळालं, "तो पारशांचा विषय आहे, आपल्याकडे नाही."

तर मागणी अशी आहे साहेब, की राज्यातल्या संस्कृत एमएला वैदिक शाखेत अवेस्ताचा एक पेपर ऐच्छिक म्हणून आणा. नव्या शैक्षणिक धोरणात क्रेडिट दुसऱ्या विद्यापीठातून घ्यायची सोय आहेच, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी वेगळा विभाग उघडायची गरज नाही, मुंबईतून ऑनलाइन शिकवलं आणि सुट्टीत पोरांना पोथ्या बघायला आणलं तरी सुरुवात होईल. पण शिकवणारा मात्र तासिका तत्त्वावर नको. हा विषय पकडीत यायलाच पाच-सात वर्षं जातात, आणि तासावर पैसे मिळणारा माणूस तेवढं थांबत नाही, थांबू शकत नाही, घर असतं त्याला. किमान दोन कायम पदं द्या, त्यातलं एक पहलवीसाठी, कारण अवेस्तावरची जुनी टीका मुख्यतः पहलवीतच आहे. आणि अवेस्ता शिकणाऱ्या पोराला, मग तो कुठल्याही जातीधर्माचा असो, पीएचडीपर्यंत फेलोशिप द्या.

अजून एक, कामा इन्स्टिट्यूट, भांडारकर, डेक्कन कॉलेज आणि रामटेकचं संस्कृत विद्यापीठ यांची एक बैठक तुम्ही स्वतः बोलवा, सचिवांवर सोडू नका. अभ्यासक्रमाचा कच्चा मसुदा आम्ही काही शिक्षक मिळून करून द्यायला तयार आहोत, त्याचे पैसेही नकोत. पुढच्या जूनच्या प्रवेशाआधी पेपर मंजूर व्हायचा असेल तर अभ्यास मंडळापुढे विषय याच हिवाळ्यात जायला पाहिजे.

आपला,
संस्कृतचा एक शिक्षक