नाखवा, आईच्या हातात दोर दिलात त्याबद्दल

नाखवा, सप्रेम नमस्कार.

नाव कुठं लिहू नकोस असं बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण चारचौघांत आभार मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ येतंय कळलं तेव्हा मी मुंबईत, लॉकडाऊनमध्ये अडकलेली, आणि आई श्रीवर्धनजवळच्या घरी एकटी. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ तिनं त्याच घरात काढलं होतं. वाडीतल्या पोफळी डोळ्यांदेखत आडव्या झाल्या, गोठ्याचे पत्रे उडून शेजारच्या आवारात पडले, वीज कित्येक आठवडे नव्हती. तेव्हापासून वारा जरा चढला की ती रात्रभर बसून राहते.

नंतर गोठा पुन्हा उभा केला तो एका ठेकेदारानं. पैसे आगाऊ घेतले, पत्रे चकाचक बसवले. हूक मात्र एकाआड एक, वॉशर कुठं आहेत कुठं नाहीत. आईनं विचारलं तर म्हणाला, "काकी, आता कुठलं वादळ येतंय?" आलं, तेव्हा त्यानं फोन उचलणंच सोडलं. नुकसानीच्या याद्या करून गेलेले, फोटो काढून गेलेले, कुणीही त्या छपराकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

तुम्ही पाहिलंत. स्वतःची होडी वर ओढून, शाकारून झाल्यावर, अंगावरची वाळूही न झटकता आमच्याकडे आलात. पत्र्याला हात लावण्याआधी विचारलंत, "काकी, भाताचं बियाणं कुठं आहे?" ते पडवीत होतं. गोणी उचलून झाकणाच्या पिंपात ठेवलीत. पेरणी तोंडावर असताना बियाणं भिजलं तर काय होतं, हे सांगावं न लागणारा माणूस दारात आलाय, एवढ्यानंच तिला धीर आला.

अंगणातल्या सुट्या वस्तू आत गेल्या. मग होडीचे जाड दोर छपरावरून आडवे टाकलेत. वारा खालून शिरून पत्रा उचलतो आणि गोठा पुढून उघडा, म्हणून त्या अंगाला जास्त. टोकं वाळूच्या गोण्यांना बांधून गोण्या जमिनीत पुरल्यात. दोर जिथं पत्र्याच्या कडेला घासेल तिथं सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेत. ताणानं नाही, घासून कापला जातो, असं तुम्ही आईला सांगितलंत.

एवढं करून गेला असतात तरी आम्ही जन्मभर नाव काढलं असतं. "घाबरू नका" हे तिला तोवर सगळ्यांनी सांगून झालं होतं. तुम्ही तिच्या हातात दोर दिलात. "काकी, ओढून बघा." तिनं ओढला. "जोरात ओढा." एकेक दोर तिच्याकडून ओढवून घेतलात. एक तिला सैल वाटला, तर वाद न घालता तो सोडलात आणि पुन्हा आवळलात. सैल नव्हता, असं आता तीच सांगते. सत्तरीच्या बाईला स्वतःच्या छपराची खात्री स्वतःच्या हातानं करू द्यावी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

तौक्ते समुद्रातूनच वर सरकलं आणि १७ मेच्या रात्री गुजरातला धडकलं, पण जाता जाता आमच्याकडे वाऱ्यानं झोडपलंच. गोठा जागेवर राहिला. रात्री मी फोन केला तर आई उचलेना, माझा जीव वरखाली. सकाळी म्हणाली, "अगं, डोळा लागला होता."

वादळाचा इशारा आता मोबाईलवर वेळेत येतो. पण इशारा वाचून छपरावर चढणारं माणूस घरात नसेल तर म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं? आमच्या गावांत निम्मी घरं अशीच आहेत. ज्याची होडी हेच पोट, त्यानं त्याच दिवशी दुसऱ्याच्या गाईचा विचार करावा, हा मोठेपणा मी पैसेवाल्यांत पाहिलेला नाही.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. दोरही नेले नाहीत, पावसाळाभर राहू देत म्हणालात. पण १ ऑगस्टला मासेमारी सुरू झाली की ते तुम्हाला लागतील. म्हणून नवे दोर पाठवतेय, जाडी आईकडून मोजून घेतली आहे. त्यांना मात्र नाही म्हणू नका.