कात्रण घेऊन आलेल्या बाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुगंधाने नैराश्य घालवण्याचे उपाय छापून आले. माझं तुळशीबागेजवळ अत्तराचं दुकान आहे, म्हणजे खरं तर मला आनंद व्हायला हवा. सोमवारी दुकान उघडतोय तोच एक बाई आल्या, कात्रण पर्समध्ये घडी घालून. "यातलं लव्हेंडर द्या. मुलगा तीन महिने खोलीबाहेर येत नाही." भवानी व्हायची होती, तरी मी बाटली काढली नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा म्हणालो. त्या रागावूनच गेल्या.

का दिली नाही, ते लिहितो. माझा धाकटा भाऊ शाळेत असल्यापासून गल्ल्याशेजारी बसायचा. कनौजहून माल आला की वडील त्याच्यापुढे दोन फाये धरत, आणि कुठला वाळा खरा नि कुठल्यात तेल मारलंय, हे तो डोळे मिटून सांगायचा. बाविसाव्या वर्षी त्याने गिऱ्हाइकाला मोगरा म्हणून केवडा दिला. आम्ही हसलो. मग हे आठवड्याला एकदा व्हायला लागलं आणि वडील चिडायला लागले, "लक्ष कुठे असतं तुझं?" पुढच्या पावसाळ्यात तो म्हणू लागला की शेजारी भिंतीतून रॉकेलचा वास सोडतात. मी गॅसची नळी बदलली, मोरीची जाळी बदलली, शेजाऱ्यांशी भांडूनही आलो. स्किझोफ्रेनिया हा शब्द आमच्या घरात आला त्यानंतर वर्षभराने. तोवर आम्ही तीन डॉक्टर केले होते. झोप, भूक, नोकरी, लग्न, सगळं विचारलं गेलं. वासाबद्दल कुणी विचारलं नाही, आणि तो सांगण्यासारखा विषय आहे हे आम्हालाही सुचलं नाही.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. नाकाच्या छतावरच्या पेशींचे धागे चाळणीसारख्या हाडाच्या भोकांतून वर जातात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या घ्राणकंदात शिरतात. डोळा-कानाचा निरोप आधी थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबतो. वासाचा निरोप मात्र थेट अमिग्डालापर्यंत पोचतो, म्हणजे भीती नि भावना जिथे घडतात तिथे. २००० साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी एमआरआयवर मोजलं, तेव्हा स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे घ्राणकंद इतरांपेक्षा सरासरी २३ टक्के लहान निघाले. वास ओळखण्यातला कच्चेपणा रुग्णांच्या काही सख्ख्या, निरोगी नातेवाइकांतही आढळतो. (हे वाचलं त्या रात्री मी दुकानातल्या सगळ्या बाटल्या हुंगून पाहिल्या.) नैराश्याचाही वासाशी असाच संबंध दिसतो. उंदराचा घ्राणकंद काढला की त्याच्या वागण्यात नैराश्यासारखे बदल होतात, आणि नैराश्यावरची औषधं तपासायला ही पद्धत कित्येक वर्षं वापरली जाते.

पण यातून उलटा अर्थ कुणी काढू नये. सरासरी ही गर्दीची असते, एका माणसाची नव्हे. वास सर्दीने जातो, सायनसने जातो, वयाने जातो, कोविडने तर निम्म्या पेठेचा गेला होता. पार्किन्सनमध्ये हात थरथरण्याच्या कितीतरी आधी तो कमी होऊ शकतो. नसलेला वास येणं हे फिटच्या आजाराचंही लक्षण असू शकतं. तेव्हा फोडणीचा वास आला नाही म्हणून कुणाच्या मुलाला वेडा ठरवू नका. आणि कंद लहान आहे म्हणून वरून अत्तर ओतल्याने तो भरत नाही, हे तर दुकानदार म्हणून मीच सांगतो. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी रोज दोन वेळा हुंगण्याचा एक सराव आहे खरा. जर्मनीतल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये तो मांडला. पण तो गेलेला वास परत यावा म्हणून आहे, आणि लवंग घरात असतेच.

आपल्याच पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेत कोविडच्या काळात वास ओळखण्याची क्षमता अचूक मोजणारं यंत्र तयार झालं. मानसोपचाराच्या ओपीडीत यंत्र नको, निदान केसपेपरवर एक ओळ तरी हवी: 'वासात काही फरक पडलाय का?' कुणी विचारलं असतं, तर आमचं ते वर्ष वाचलं असतं की नाही, सांगता येत नाही. शेजाऱ्यांशी भांडण तरी झालं नसतं.

भाऊ गोळ्यांवर स्थिर आहे. रोज चारला दुकानात येतो आणि धूप भरतो. बाटल्या मात्र हल्ली लेबल वाचूनच देतो.

आपल्या पुढच्या पुरवणीत त्या लेखाच्या जागी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ठळक छापावा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. त्या बाई आपलंच वर्तमानपत्र घेतात.

आपला,
एक अत्तरविक्रेता, पुणे ३०