गूजनेकची मान नंतर, मोजमाप आधी

संपादक महोदय,

पावसाळाभर ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या ओढायच्या कॅरॅव्हान पर्यटनाचा हंगाम जवळ आला की बाहेर निघतात. मग मागच्या बंपरला जोडायचा ट्रेलर पिकअपच्या हौद्यात जोडता यावा म्हणून त्याला गूजनेकची मान, म्हणजे हौद्यापर्यंत वर वाकून जाणारा लोखंडी सांगाडा, लावून घ्यायचा विचार काहींच्या मनात येतो. विचार चुकीचा नाही. ट्रेलर ज्यावर अडकतो तो बंपरमागचा लोखंडी गोळा पिकअपच्या मागच्या ॲक्सलच्या बराच मागे असतो, त्यामुळे ट्रेलर डुलला की पिकअपची शेपटीही हलते. गूजनेकचा गोळा ॲक्सलच्या वर किंवा पाच-दहा सेंटिमीटर पुढे बसतो, म्हणून ट्रेलर शांत चालतो. पण मान वेल्ड करणे हे या कामातले सोपे काम आहे. मोजमाप न करता लावलेली मान हंगाम संपायच्या आत टायर खाते किंवा चासी फोडते.

सगळ्यात आधी कागद. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील व्याख्येनुसार ज्याचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकतो आणि ज्याच्या वजनाचा काही वाटा ते वाहन पेलते, तो सेमी-ट्रेलर. हौद्यात टेकलेली मान म्हणजे नेमके तेच. 'ट्रेलर' म्हणून नोंदलेल्या वाहनाचा प्रकारच इथे बदलू शकतो. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे फेरफार कलम ५२ रोखते. तेव्हा कटर चालवण्याआधी आराखडा घेऊन वाहतूक खात्यात जावे, काम आटोपल्यावर नव्हे.

आता वजन. बंपर जोडणीत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गोळ्यावर असावा लागतो, गूजनेकमध्ये साधारण २० ते २५ टक्के. नुसती मान लावून हा भार आपोआप येत नाही. १५०० किलोचा ट्रेलर घ्या. गोळा ट्रेलरच्या ॲक्सलपासून ४ मीटर पुढे आणि ट्रेलरचा गुरुत्वमध्य अर्धा मीटर पुढे असेल, तर गोळ्यावर १८७ किलो पडतात. ए-फ्रेम, म्हणजे ट्रेलरच्या पुढची बंपरला जोडायची त्रिकोणी चौकट, कापून अशी मान लावली की गोळा ४.४ मीटरवर गेला आणि वजनात १२० किलोंची भर पडली, तर भार होतो सुमारे २६० किलो, म्हणजे जेमतेम १६ टक्के. २० टक्के, म्हणजे १६२० किलोंचे ३२४, हवे असतील तर ट्रेलरचा ॲक्सल सुमारे २० सेंटिमीटर मागे सरकवावा लागतो. हा हिशेब कागदावर दहा मिनिटांचा आहे, पण तो वजनकाट्याच्या पावतीवरूनच करावा. विक्रेत्याने सांगितलेल्या रिकाम्या वजनावर विसंबू नये. पाण्याची टाकी, बॅटरी, गॅस सिलिंडर, गाद्या धरून वजन करा. गोळ्यावर येणारे सव्वातीनशे किलो पिकअपच्या भारक्षमतेतून वजा होतात, हेही लक्षात असू द्या.

ए-फ्रेमच्या बुडाशी आधी १८७ किलो गुणिले १.२ मीटर एवढा वाकवणारा जोर होता. मानेच्या बुडाशी तो ३२४ गुणिले १.६, म्हणजे दुपटीहून जास्त. शिवाय गोळा चासीच्या ६०-७० सेंटिमीटर वर असल्याने ब्रेक लागताच येणारा हिसका वेगळा. म्हणून मान कॅरॅव्हानच्या पुढच्या भिंतीला टेकवून भागत नाही; ती भिंत म्हणजे प्लाय आणि पत्रा. मानेचे दोन्ही पाय खाली चासीच्या मुख्य चॅनलपर्यंत (लांब लोखंडी तुळईपर्यंत) आणून तिथून किमान एक मीटर मागे चॅनलला लागून न्यावेत आणि कोपऱ्यात आधाराचे त्रिकोणी पत्रे (गसेट) द्यावेत. जोडपट्टीची टोके चौकोनी ठेवू नका, निमुळती करा. आडवा वेल्ड चॅनलच्या पात्यावर, म्हणजे वरच्या किंवा खालच्या सपाट कडेवर, आला की चीर तिथूनच सुटते. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या ट्रेलरच्या चॅनलचे खालचे पाते आधी हातोडीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. दबका आवाज आला आणि पापुद्रे पडले, तर त्या लोखंडावर मान बसवूच नये.

खरे कसब अलाइनमेंटचे. सपाट सिमेंटच्या जमिनीवर ट्रेलर घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या. भरलेल्या पिकअपचा हौदा जितका खाली बसतो त्याच उंचीला कपलर, म्हणजे मानेच्या टोकाची गोळ्यावर बसणारी वाटी, धरा आणि चासीवर पाणसळ ठेवा. नाक वर राहिले तर दोन ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये मागच्या ॲक्सलवर भार चढतो आणि त्याचे बेअरिंग तापते. मागच्या आडव्या चॅनलच्या मध्यापासून पुढच्या चॅनलच्या मध्यावरून दोरी ताणा. कपलरमधून सोडलेला ओळंबा त्या रेषेवरच पडला पाहिजे. मग कपलरच्या मध्यापासून ॲक्सलच्या डाव्या आणि उजव्या टोकापर्यंत स्टीलच्या टेपने अंतर घ्या. कापडी फीत ताणते, ती नको. दोन अंतरांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. १.८ मीटर रुंद ॲक्सलवर १२ मिलिमीटरचा फरक राहिला तर ॲक्सलपाशी ट्रेलर सुमारे ३ सेंटिमीटर बाजूला चालतो, शेपटी त्याहून जास्त. दोन ॲक्सल असतील तर त्यांच्यातले अंतर दोन्ही बाजूंना दीड मिलिमीटरच्या आत जुळावे, नाहीतर टायर एकमेकांशी भांडत घासतात. चूक ॲक्सलची असेल तर ॲक्सल पाट्यांना आवळणारे यू-बोल्ट सैल करून, पाट्यांचा सेंटर बोल्ट आणि त्या चासीला टांगणारे हँगर तपासून ॲक्सलच सरळ करावा. मान तिरकी करून ती झाकू नये.

यात हमखास चुकते ते एकच. टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके) मारल्यावर माप बरोबर येते आणि पूर्ण वेल्ड झाल्यावर बिघडते, कारण एका बाजूने सलग ओढलेला वेल्ड थंड होताना लोखंडाला आपल्याकडे खेचतो. आलटून पालटून दोन्ही बाजूंना छोटे तुकडे मारा, मधे थंड होऊ द्या, आणि शेवटी पुन्हा ओळंबा, पुन्हा टेप.

ब्रेक विसरू नयेत. पुष्कळ छोट्या कॅरॅव्हानमध्ये ट्रेलरने पुढे ढकलले की कपलिंगची दांडी सरकून ब्रेक लागतात. ए-फ्रेम कापताच हे ब्रेक गेले. त्याऐवजी इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक, केबिनमध्ये कंट्रोलर आणि जोडणी सुटल्यास आपोआप ब्रेक लावणारा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा स्विच बसवल्याशिवाय चोर्ला किंवा अनमोड घाट उतरू नये. गोळ्याची प्लेट हौद्याच्या पत्र्याला नव्हे, पिकअपच्या चासीला बोल्टने बसवावी. वळणावरही फरक पडतो: पिकअपचे मागचे चाक ८ मीटर त्रिज्येने गोल वळत असेल, तर या ट्रेलरचे चाक पूर्वीपेक्षा अर्धा मीटर आतून जाते. गावातल्या तिठ्यावर अर्धा मीटर म्हणजे कुणाचा तरी गडगा.

हजार-बाराशे किलोच्या हलक्या कॅरॅव्हानला मात्र हा खटाटोप करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. सामान खाली आणि ॲक्सलच्या थोडे पुढे भरले, तर तिचे डुलणे बहुतेक वेळा तसेच थांबते.

वाहतूक खात्याला विनंती एवढीच, की अशा बदलाला परवानगी देताना अभियंत्याच्या आराखड्यासोबत भरलेल्या ट्रेलरची वजनपावती, गोळ्यावरचा भार आणि कपलरपासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांची अंतरे फायलीत लिहून घ्यावीत, आणि ती तपासणीच्या वेळी अधिकाऱ्याने स्वतः टेप लावून ताडून पाहावीत.

– ट्रेलर फॅब्रिकेशनच्या कामातील काही वाचक, फोंडा