थरचा माणूस आणि तारखांचा घोळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवामान बदलले की पूर्वीची माणसे कुठे गेली, यावर मराठी वर्तमानपत्रांत हल्ली वरचेवर छापून येते. या विषयाला जागा मिळते याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण बहुतेक टिपणे एकाच सूत्रावर येऊन थांबतात: पाऊस वाढला, वाळवंट हिरवे झाले, माणूस आला, पाऊस आटला, माणूस गेला. सहाराला हे सूत्र बऱ्यापैकी लागू पडते. आपल्या जवळच्या थरच्या वाळवंटाला ते तसेच्या तसे लावले की चूक होते, आणि ती चूक बहुतेक वेळा तारखांच्या हिशेबातली असते.

सहाराचे आधी सांगतो. सुमारे ११ हजार ते ५ हजार वर्षांपूर्वीच्या काळात उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या आजच्यापेक्षा जवळ असे. त्यामुळे उन्हाळ्यातले ऊन प्रखर होते आणि मोसमी पाऊस उत्तरेकडे सरकला होता. नायजरमधल्या गोबेरो येथे तळ्याकाठी इ.स.पू. ७७०० ते ६२०० या काळात मासेमारी करणारे लोक राहिले. पुढे तळे आटले आणि सुमारे हजार वर्षे तिथे कोणी नव्हते. इ.स.पू. ५२०० च्या सुमारास वेगळेच लोक आले, ते इ.स.पू. २५०० पर्यंत टिकले. लिबियातल्या टाकारकोरीच्या शैलाश्रयात, जिथे आज पाण्याचा थेंब नाही, तिथल्या थरांत माशांची हाडे सापडली आहेत. इ.स.पू. पाचव्या सहस्रकातल्या खापरांत मुरलेल्या चरबीच्या पृथक्करणातून तिथे दूध वापरात होते हेही कळले. इथे पाणी आणि वस्ती यांची सांगड सरळ लागते, कारण दोन्ही पुरावे एकाच जागेचे आहेत.

आता थर. परागकणांचे अभ्यासक गुरदीप सिंग यांनी राजस्थानातल्या सांभर, डिडवाना, लूणकरणसर या खाऱ्या सरोवरांच्या गाळातले परागकण तपासून १९७१ मध्ये मांडणी केली, की हडप्पा संस्कृतीची भरभराट ओल्या काळात झाली आणि कोरड पडल्यावर तिचा ऱ्हास झाला. ही मांडणी पाठ्यपुस्तकांतून घट्ट बसली. १९९९ मध्ये लूणकरणसरचा गाळ नव्याने तपासला गेला. हे सरोवर ६३०० कार्बन-वर्षांपूर्वी (कार्बन-१४ च्या मोजणीतून थेट निघणारी, दुरुस्ती न केलेली वर्षे) एकदम भरले आणि ४८०० कार्बन-वर्षांपूर्वी पूर्ण आटले, असे त्यातून दिसले.

इथेच घोळ होतो. ४८०० मधून १९५० वजा केले (कार्बनच्या तारखा १९५० पासून मागे मोजतात) की इ.स.पू. २८५० येते, म्हणजे इ.स.पू. २६०० च्या सुमारास सुरू झालेल्या नागर हडप्पा काळाच्या अगदी उंबरठ्यावर. पण कार्बन-वर्ष आणि दिनदर्शिकेतले वर्ष सारखे नसते. हवेतले कार्बन-१४ चे प्रमाण काळानुसार कमी-जास्त झालेले असल्याने वृक्षवलयांवरून दुरुस्ती करावी लागते. ती केली की ४८०० चे सुमारे ५५०० होतात, म्हणजे इ.स.पू. ३५५०. तळे आटल्यावर जवळपास हजार वर्षांनी ती नगरे उभी राहिली. एका वजाबाकीने सगळा निष्कर्ष फिरतो.

जुन्या अहवालांत आणखी एक खाच आहे. १९६० च्या दशकात याच मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, कार्बन-१४ ची प्रयोगशाळा होती. राजस्थानातल्या कालीबंगा आणि बागोर या उत्खनन झालेल्या जागांच्या ज्या तारखांपुढे ‘टीएफ’ अक्षरे आहेत, त्या तिथल्या. त्या काळचे काही आकडे कार्बन-१४ चे अर्धायुष्य (तो निम्मा उरायला लागणारा काळ) ५७३० वर्षे धरून काढलेले आहेत, तर दुरुस्तीचे आजचे तक्ते ५५६८ धरून काढलेले वय मागतात. म्हणून ५७३० वाला आकडा आधी १.०३ ने भागायचा आणि मग तक्त्यात टाकायचा. तसे न केल्यास वय तीन टक्क्यांनी फुगते. ५००० वर्षांत ती दीडशे वर्षे होतात.

याचा अर्थ हवामानाचा काही संबंध नव्हता असा नाही. हरियाणातल्या कोटला दहर तळ्याच्या गाळात सुमारे ४१०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस घटल्याची खूण मिळते, आणि नगरांचा ऱ्हास त्याच्या आगेमागेच आहे. कालीबंगा ज्या नदीकाठी होते त्या घग्गरच्या पात्राबद्दल तर दोन मते समोरासमोर उभी आहेत. सतलज ८ हजार वर्षांपूर्वीच ते पात्र सोडून गेली होती, असे २०१७ चा अभ्यास सांगतो. ९००० ते ४५०० वर्षांपूर्वी तिथे बारमाही पाणी होते, असे २०१९ चा अभ्यास म्हणतो. त्यात पवईच्या आयआयटीतले संशोधकही होते. वाद चालू असताना एकच बाजू ‘सिद्ध झाले’ म्हणून छापू नये, एवढीच विनंती.

कार्बनच्या तारखेसाठी लागणारे कोळसा, हाड, शिंपला यांपैकी काही नसेल तर वाळूचेच वय काढतात. ते कसे, हे वाचकांना क्वचितच सांगितले जाते. वाळूचा कण उन्हात असेपर्यंत त्याची पाटी कोरी असते. गाडला गेला की भोवतालच्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमचा किरणोत्सार त्यात साठू लागतो. बँकेत दरसाल ठरावीक रक्कम जमा व्हावी तसे हे आहे: एकूण शिल्लक भागिले वार्षिक जमा, की वय. नमुना घेताना छेदाचा (उभ्या कापलेल्या दरडीचा) उघडा पृष्ठभाग खरवडून मागे नेतात, पाच-एक सेंटिमीटर व्यासाची धातूची नळी आडवी ठोकतात आणि दोन्ही तोंडे काळ्या आवरणाने लगेच बंद करतात. प्रयोगशाळेत मंद लाल दिव्यात नळी उघडून दोन्ही टोकांची उजेड लागलेली वाळू वेगळी काढतात. ती वयासाठी निकामी असते, पण वार्षिक जमा मोजायला चालते. मधल्या वाळूतला चुना आम्लाने घालवून गारेचे (क्वार्ट्झचे) कण निवडतात.

चुका कुठे होतात? ओलाव्यात, बहुतेक वेळा. पाणी किरणोत्सार अडवते, आणि दर एक टक्का ओलाव्यामागे वय साधारण एक टक्का बदलते. आज दोन टक्के ओली असलेली वाळू सरासरी बारा टक्के ओली राहिली असेल, तर वय दहा टक्के कमी निघते. उंदीर-घुशींची बिळे वरची वाळू खाली नेतात. वाळूच्या थरात मागाहून कंकर (चुन्याचे खडे) धरला की वार्षिक जमाच बदलते. आणि गारेचा कण १५०-२०० ग्रेच्या (ग्रे हे साठलेल्या किरणोत्साराचे माप) पुढे भरून जातो. वार्षिक जमा हजार वर्षांना २ ग्रे धरली तर पाऊण ते एक लाख वर्षांपलीकडे गारेवर विसंबता येत नाही, फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजाकडे वळावे लागते.

शिवाय वाळूची टेकडी म्हणजे दुष्काळाचा पुरावा, हेही सरसकट खरे नाही. थरमधली वाळू हलते ती नैऋत्येच्या वाऱ्याने. हिमयुगाच्या कळसाला कोरड भरपूर होती, पण तो वाराच मंद होता. टेकड्यांची मोठी भर पडली ती त्यानंतर काही हजार वर्षांनी, वारे परत जोर धरू लागले आणि पाऊस अजून पुरता आला नव्हता तेव्हा. डिडवानाजवळच्या ‘१६ आर’ या टेकडीच्या खोल छेदात वाळू आणि कंकराचे थर आलटून पालटून आहेत आणि त्यांतच दगडी अवजारे आहेत. तिथून जवळच सिंगी तलावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात हातकुऱ्हाडींबरोबर गारेचे सहा छोटे स्फटिक मिळाले. कशासाठीही न वापरलेले हे स्फटिक कोणीतरी तिथे आणून ठेवले होते. २०२१ मध्ये त्या वस्तीचे वय सुमारे १ लाख ७७ हजार वर्षे निघाले. आम्हाला थरमधली ही सर्वांत मोलाची जागा वाटते.

डिसेंबर-जानेवारीत मुंबईतून हजारो लोक जैसलमेर, पुष्कर, कच्छला जातात. दोन टेकड्यांमधल्या सपाट, कडक जमिनीवर एक ते चार सेंटिमीटरची, कडा धारदार असलेली गारेची किंवा चकमकीची पाती दिसली, तर ती उचलू नका. वाऱ्याने वाळू उडून वेगवेगळ्या काळांतल्या वस्तू एकाच पातळीवर उतरलेल्या असतात. त्यांचा उरलेला पुरावा म्हणजे कोणती वस्तू कोणाशेजारी पडली आहे, एवढाच. शेजारी नाणे ठेवून जवळून एक फोटो घ्या आणि क्षितिज दिसेल असा दुसरा. मोबाइलमधले अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत लिहा, म्हणजे जागा काही मीटरांच्या आत सापडते. पाते वाळूवर आहे, कंकरावर आहे की कापलेल्या दरडीतून डोकावते आहे, हे नोंदवा. ही माहिती राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा, समाजमाध्यमांवर ठिकाण टाकू नका. कांदिवलीतल्या पुराश्मयुगीन थरांवर संशोधक के. आर. यू. टॉड यांनी १९३९ मध्ये लिहिले होते. त्या परिसरावर आज वस्ती उभी आहे आणि तिथे नव्याने नमुना घ्यायला जागा उरलेली नाही. थरमध्ये मुरूम-कंकराच्या खाणी आणि शेतीसाठीचे सपाटीकरण वेगाने चालू आहे.

आपल्या वृत्तपत्राकडे मागणी छोटी आहे. प्राचीन वस्तीची किंवा दुष्काळाची तारीख छापताना ती कार्बन-वर्षांत आहे की दिनदर्शिकेच्या वर्षांत, त्यापुढचा ± आकडा (तारीख किती मागेपुढे असू शकते तो) किती, आणि नमुना वस्तीच्या जागेचा की शंभर किलोमीटरवरच्या तळ्याचा, हे त्याच वाक्यात द्यावे.

आपले,
पुरातत्त्व व भूविज्ञानाचे काही अभ्यासक,
विलेपार्ले, मुंबई