तुर्की तिकिटावर आण्यांचा ठसा

महोदय,

पहिल्या महायुद्धात, मार्च १९१७मध्ये तुर्कांचे बगदाद इंग्रजांच्या हाती पडले. त्यांनी तिथे सापडलेली तुर्की टपाल तिकिटे टाकून दिली नाहीत. सुलतानाच्या त्याच तिकिटांवर ‘बगदाद इन ब्रिटिश ऑक्युपेशन’ असे वरून छापून (ओव्हरप्रिंट करून) किंमत आण्यांत घातली. म्हणजे चलन आपले, अंमल त्यांचा!

त्याच युद्धात फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रे सेन्सॉर उघडून वाचत. शिपाईही वस्ताद. हिंदी सैनिकांना ‘काळी मिरी’, गोऱ्यांना ‘लाल मिरची’ म्हणून कोण किती खपले ते घरी कळवत. सेन्सॉरने उतरवून घेतलेले हे उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिकीट प्रदर्शनांत मात्र नुसत्या किमतीच्या गप्पा. पाकिटांशेजारी असा मजकूर मराठीत लावला, तर पोरे थांबून वाचतील.

– एक तिकीटसंग्राहक, पुणे