पुन्हा कोलोनोस्कोपी, पुन्हा तोच कागद

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आतडे नीट साफ न झाल्यामुळे कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने केलेली मोठ्या आतड्याची तपासणी) वाया गेली आणि ती पुन्हा करण्याची वेळ आली, तर दुसऱ्या वेळी पोट साफ करण्याचे औषध कोणते, किती आणि केव्हा घ्यावे, याविषयी सामान्य वाचकासाठी फारसे लिहिले जात नाही. नुकताच आमच्या घरी हा प्रसंग आला, म्हणून हे पत्र.

माझे यजमान ६८ वर्षांचे आहेत. वीस वर्षांचा मधुमेह, जुनी बद्धकोष्ठता आणि रक्त कमी झाल्यामुळे सुरू असलेल्या लोहाच्या गोळ्या, अशी त्यांची परिस्थिती. तपासणी दुपारी चारची होती. रुग्णालयाच्या इंग्रजी कागदात लिहिल्याप्रमाणे त्यांनी आदल्या संध्याकाळी पावडरचे पाकीट दोन लिटर पाण्यात कालवून निमूटपणे संपवले. अहवालात गुण आले १, २, २. या बोस्टन मोजपट्टीत आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी ० ते ३ गुण देतात आणि प्रत्येक भागाला किमान २ मिळाले तरच साफसफाई पुरेशी मानतात. शाळेत आयुष्य गेल्यामुळे मला हे लगेच उमगले. बेरीज कितीही होवो, एका विषयात नापास तो नापासच. उजवी बाजू नापास झाली होती. ‘औषध पूर्ण प्यायले नसतील’ असे तोंडी ऐकवून आम्हाला पुढची तारीख देण्यात आली आणि सोबत तोच कागद.

औषध त्यांनी पूर्ण प्यायले होते, हे मी समोर बसून पाहिले आहे. चूक वेळेची होती, असे नंतर दुसऱ्या एका डॉक्टरांनी समजावले. लहान आतड्यातून पित्तमिश्रित चिकट द्रव सतत मोठ्या आतड्याच्या उजव्या टोकाशी उतरत असतो; औषध संपवून वीस तास लोटले की तिथे त्याचा थर बसतो आणि चपटे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या गाठी, नेमके त्याखाली दडतात. म्हणून औषध दोन हप्त्यांत घ्यायचे, अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या दिवशी चार ते सहा तास आधी सुरू करून किमान दोन तास आधी संपवायचे.

मात्रेचाही प्रश्न होता. आधीची साफसफाई फसलेल्या रुग्णांवर स्पेनमध्ये झालेला एक तुलनात्मक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे पोट साफ करणारे औषध चार लिटर घेणाऱ्यांपैकी सुमारे ८१ टक्के, तर दोन लिटर घेणाऱ्यांपैकी सुमारे ६७ टक्के रुग्णांचे आतडे पुरेसे साफ झाले. दोन्ही गटांना तीन दिवस कमी चोथ्याचा आहार दिला होता. ज्यांना बद्धकोष्ठता वा मधुमेह आहे, त्यांना दुसऱ्या वेळीही दोनच लिटर देण्यात मला अर्थ दिसत नाही. अर्थात हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास किती द्रव झेपेल, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

औषधाच्या दुकानात मात्र आम्हाला ‘हे घ्या, एवढे प्यावे लागत नाही’ म्हणून सोडियम फॉस्फेटची छोटी बाटली पुढे करण्यात आली. चार लिटरच्या धास्तीने यजमानांचा हात तिकडे गेलाही होता. या औषधाने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००८ सालीच दिला आहे. म्हातारपण, मूत्रपिंडाचा विकार आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या असताना हा धोका वाढतो. ते चिठ्ठीशिवाय पुढे केले जावे, याचे आश्चर्य वाटते.

कागदावरच्या ‘लो रेसिड्यू डाएट’ (कमी चोथ्याचा आहार) या तीन शब्दांचा अर्थ आम्ही पहिल्या वेळी ‘हलके जेवण’ असा लावला आणि बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, वर जवसाची चटणी असा बेत केला! दुसऱ्या वेळी तीन दिवस मऊ भात, वरणाचे पाणी, दही आणि साल काढलेला उकडलेला बटाटा. पेरू, टोमॅटो, भेंडी, तीळ बंद. मळ काळा व चिकट करणाऱ्या लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवल्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घेतले. तपासणी सकाळी अकराची होती. पहाटे साडेपाचला तांब्याभर औषध फ्रिजमधून काढले, तेव्हा यजमानांनी माझ्याकडे पाहिले ते विसरणार नाही. पण गार केल्याने आणि घोटागणिक लिंबाची फोड चोखल्याने खारट चव बरीच सुसह्य झाली.

या वेळी गुण २, ३, ३ आले. आतड्यात काही सापडले नाही; मात्र आता त्या ‘काही नाही’वर विसंबता येते.

रुग्णालयांना विनंती एवढीच, की दुसरी तारीख देण्यापूर्वी औषध कधी संपवले, आदल्या दोन-तीन दिवसांत काय खाल्ले, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे विचारावे आणि त्यानुसार नवा कागद लिहून द्यावा, तोही मराठीत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा